दशावतारातलं स्त्री-पार्ट: रंगपेटी, आवाज आणि त्यामागचा माणूस

पेटारा:

कार्तिक लागला की सिंधुदुर्गात आणि तिकडे पेडणे-डिचोलीत जत्रा सुरू होतात, त्या वैशाखापर्यंत, आणि त्यांत रात्रभर चालतो दशावतार, पुराणकथांवरचं आपलं लोकनाट्य. दर हंगामाला मंडळांत नवी मुलं येतात. त्यातला अंगाने सडपातळ आणि गळ्याने बरा असेल त्याच्या हातात पहिल्या आठवड्यातच साडी पडते, म्हणजे बाईची भूमिका, स्त्री-पार्ट. पुढचं कुणी बसवून शिकवत नाही, बघून शिकायचं. ही पद्धत वाईट नाही, मोठमोठे नट तसेच तयार झाले. पण काही चुका अशा आहेत की त्या करून शिकावं म्हटलं तर कातडी आणि गळा दोन्ही कायमचे खराब होतात.

म्हणून हा धागा. ज्यांना काम आतून ठाऊक आहे त्यांनी कृती, मापं, काय बिघडतं आणि का बिघडतं ते लिहा. किस्से इथे नकोत, त्यासाठी दुसरे धागे आहेत. सुरुवात रंगापासून करतो, कारण दशावतारात रंगभूषाकार नसतो. हातभर आरसा, एक पेटी आणि आपलाच हात.

दाढी खेळाच्या दोन तास आधी करायची. आधी केसांच्या दिशेने, मग उलटी. तुरटी फिरवा, गार पाण्याने धुवा आणि निदान वीस मिनिटं चेहऱ्याला काही लावू नका. ताज्या दाढीवर रंग चढवला की बारीक चिरांतून आत जातो आणि पहाटेपर्यंत हनुवटीवर पुरळ उठतं.

दाढी कितीही घोटली तरी वरच्या ओठावर आणि जबड्यावर हिरवट-निळी झाक उरते. तिच्यावर थेट उजळ रंग लावला की ती राखाडी दिसते, आणि हल्लीच्या पांढऱ्या एलईडी झोतात पाचव्या रांगेतूनही कळते. त्यासाठी नारिंगीकडे झुकणारी लाल स्टिक बोटावर घेऊन तेवढ्याच भागावर थोपटायची. चोळली तर पसरते. नारिंगी निळ्याला मारतो, मग वरून पॅनकेक, म्हणजे ओल्या स्पंजाने लावायचा वडीचा रंग. स्पंज ओला करून घट्ट पिळा. पाणी राहिलं तर रंगाचे ओघळ येतात. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्या, मध्ये पाच मिनिटं थांबा. कान, कानामागचा भाग, मान मागून, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत रंगवा. नव्या मुलांची सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, चेहरा लक्ष्मीचा आणि मनगटं शेतात राबणाऱ्या गड्याची.

भुवया जाड असतील तर उपटायची गरज नाही. अंगाच्या साबणाची वडी किंचित ओली करून भुवईवर केसांच्या दिशेने घासा, केस कपाळाला चिकटून सपाट होतात. सुकू द्या, पुन्हा एक हात द्या, मग त्यावर रंग घेऊन खऱ्या भुवईच्या जरा वर पेन्सिलीने बारीक कमान काढा. साबण ओला असताना रंग लावला तर दोन्ही एकदम सोलून येतात. घाम फार येणाऱ्याने हा प्रकार उन्हाळी जत्रेत टाळलेला बरा, कारण वितळलेला साबण डोळ्यांत गेला की पुढचा प्रवेश गेला.

ओठ मात्र खऱ्या ओठांच्या आतल्या बाजूने रंगवायचे. पुरुषाचा ओठ रुंद असतो, काठापर्यंत लाली नेली की तोंड मोठं दिसतं.

---

कुर्लीचा_पिंपळ:

छान लिहिलंय. पण पॅनकेकने चेहऱ्याला जो तुकतुकीत मेणाचा भाव येतो तो जुन्या रंगांत नव्हता. सफेदा, हिंगूळ, मुर्दाडशिंग खोबरेल तेलात खलून लावत. कातडीला कातडीसारखं ठेवणारे देशी रंग होते ते. पुन्हा त्याच्याकडे का जाऊ नये?

---

पेटारा:

जाऊ नये. मुर्दाडशिंग म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शेंदूर हाही शिशाचाच. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक. जस्ताचा सफेदा चालतो, शिशाचा चालत नाही, आणि पुडीत दोन्ही सारखेच पांढरे दिसतात. एखाद्या रात्री लावून काही होत नाही, म्हणूनच ते इतकी वर्षं खपले. पण हंगामाच्या शंभरावर रात्री, ओठांना, डोळ्यांच्या कडांना, आणि दाढीच्या ओरखड्यांवर? जेवताना, विडा खाताना ते पोटात जातं. शिशाचा त्रास पोटात कळ, बद्धकोष्ठ, हातापायाला मुंग्या, सततचा थकवा असा येतो आणि जागरणावर ढकलला जातो. ज्यांनी वर्षानुवर्षं हे रंग वापरले असतील त्यांनी रक्तातलं शिशाचं प्रमाण तपासून घ्यावं, साधी रक्ताची तपासणी आहे.

मेणासारखा भाव येतो तो पॅनकेकमुळे नव्हे, पावडर न लावल्यामुळे. दुसरा थर सुकल्यावर पफने पावडर दाबून बसवा, दोन मिनिटांनी जादा झटका, मग ओला स्पंज पिळून नुसता टेकवत जा. तुकतुकी जाते.

---

शालू_नऊवारी:

साडीबद्दल मी लिहिते. नाटकाचे कपडे शिवण्याचं आणि नेसवण्याचं काम असल्यामुळे पुरुषाच्या अंगावर नऊवारी का टिकत नाही हे नेमकं सांगू शकेन.

बाईच्या कमरेला खाच असते आणि खाली नितंबांचा आधार, त्यामुळे गाठ जागच्या जागी राहते. पुरुषाची कंबर आणि नितंब जवळपास एका रेषेत. गाठ कितीही आवळा, चार फेऱ्या नाचला की ती खाली सरकते, आणि ती सरकली की कासोटा सैल पडतो. म्हणून साडीच्या आधी तीन-चार इंच रुंदीचा जाड सुती पट्टा कमरेला बांधायचा, नाडीने नाही, रुंद पट्ट्यानेच. नाडी रुतते आणि श्वास पोटातून घेता येत नाही. मग पद म्हणताना दम लागतो आणि दोष गळ्याला दिला जातो. पट्ट्याखाली दोन्ही बाजूंना जुन्या सुती साडीच्या घड्या घालून शिवून टाका. नुसत्या खोचू नका. खोचलेली घडी पहिल्या युद्धातच पोटावर येते.

छातीसाठी आतली चोळी वेगळी शिवा, तिला आतून खिसे आणि खिशांत धुतलेल्या मलमलीच्या गुंडाळ्या. स्पंज वापरतात, पण तो घाम पितो आणि मध्यरात्रीनंतर ओल्या स्पंजाच्या वजनाने चोळी खाली ओढली जाते. शिवाय तो धुतला तरी आतून सुकत नाही. मलमल रोज धुता येते. आकार लहान ठेवा. मोठा आकार करून हशा मिळतो, पण तारामती काशीत विकायला उभी राहिली असताना तो हशा तुम्हाला नको असतो.

नऊवारीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास. जरीचा शालू असेल तर निऱ्या कमी आणि रुंद घ्या, जाड काठाच्या बारीक निऱ्या पोटावर गठ्ठा करतात. कासोटा मागे खोचल्यावर पट्ट्याला दोन पिना, पदर खांद्यावर एक, तीही माळेखाली लपणारी. कासोट्याच्या पिना साडी आणि पट्टा यांतच जायला हव्यात. आतल्या चोळीला साडी टाचली की हात वर करताच सगळंच वर येतं. देवीचं पार्ट असेल, हातात तलवार असेल, तर पदर कमरेला खोचून त्यावर कंबरपट्टा, नाहीतर गिरकीत तो पायाखाली येतो.

आणि कुणी बोलत नाही ते: कासोटा घालण्याआधी लघवीला जाऊन या. पुन्हा सोडून नेसायला वेळ नसतो म्हणून मुलं संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि पाण्याविना आवाज आधी जातो, मग मूत्रमार्गाची दुखणी मागे लागतात. आख्यानात, म्हणजे त्या रात्रीच्या मुख्य कथेत, तुम्हाला मंचाबाहेरचा मोठा खंड कुठे आहे ते आधी विचारून ठेवा, त्या खंडात साडी सोडून पुन्हा नेसायचा सराव करा. सराव असेल तर सात-आठ मिनिटांत होतं.

---

मृदंगाआडून:

पट्ट्याचा आणि श्वासाचा संबंध वरच्या प्रतिसादात आला, फार बरं झालं. आता आवाज.

पुरुषाचा गळा हार्मोनियमच्या काळी एक-काळी दोन या पट्ट्यांत मोकळा असतो, बाईचा काळी चार-काळी पाचात. नवा मुलगा स्त्री-पार्टाला उभा राहिला की बाईसारखं म्हणजे खोट्या आवाजात बोलू लागतो. पहिला अर्धा तास बरं वाटतं. रात्री दोन वाजता तो आवाज फाटतो, कारण खोटा आवाज काढताना गळ्याच्या आतले स्नायू सतत ताणलेले राहतात. त्यातून माईकवर तो पातळ, चिरका येतो. रोजच्या बोलण्याच्या दोन-तीन सूर वर, पण खऱ्याच आवाजात बोला. बाईपण सुराच्या उंचीत कमी आणि बोलण्याच्या चालीत जास्त असतं. शब्दाचा शेवट तोडू नका, वाक्याच्या टोकाला आवाज खाली आदळू देऊ नका, आणि कठोर व्यंजनांवर जोर कमी. एवढ्याने समोरचा विसरतो.

खरा पुरुषी आवाज बाहेर येतो तो हसताना आणि हुंदका देताना. संवादांचा सराव सगळे करतात, हसण्याचा कुणी करत नाही. तोंड मिटून, नाकातून श्वास सोडत हसायला शिका. हुंदका बाहेर टाकण्याऐवजी आत ओढा, त्यात सूर लागत नाही म्हणून तो ओळखू येत नाही.

पदांचा प्रश्न वेगळा. एकाच प्रवेशात राजपार्ट, म्हणजे राजा करणारा नट, काळी एकमध्ये गाऊन जातो आणि लगेच त्याच्या राणीला उत्तर द्यायचं असतं. तिने काळी एकच धरली तर बाईचं पद खालच्या सप्तकात घुमतं. अशा वेळी राजाच्या षड्जाचा मध्यम हा राणीचा षड्ज करायचा. काळी एकचा मध्यम काळी तीन. मग राजाचा षड्ज तुमचा पंचम होतो, त्यामुळे काळी एकला लावलेला पखवाज तुमच्या पदालाही सुरातच लागतो, पुन्हा लावायला नको. फक्त पायपेटीवाल्याला (हार्मोनियमवाल्याला) हे खेळाआधी सांगा, प्रवेशात मान हलवून सांगितलेलं त्याला कळत नाही. ज्याला काळी तीन झेपत नाही त्याने ओढाताण करू नये, राजपार्टालाच पांढरी एक घ्यायला विनवावं, म्हणजे तुमचा सूर पांढरी चारवर येतो.

थंडीच्या जत्रेत दव पडतं. पखवाजाचं उजवं पान ओलसर होऊन उतरतं, गठ्ठे ठोकून चढवावं लागतं. डाव्या तोंडावरची कणीक उलट सुकत जाते, पाण्याचा हात द्यावा लागतो. हे सांगण्याचं कारण असं की पहाटे सूर हलला तर आपला गळा गेला असं समजून मुलं घाबरतात आणि जास्त जोर लावतात. आधी पखवाजाकडे बघा.

चौदा-पंधराच्या मुलाचा आवाज फुटत असेल त्या वर्षी त्याला उंच पदं देऊ नयेत. मंडळाच्या मालकांनी हे ठरवायचं असतं, मुलगा नाही म्हणत नाही.

---

चाकरमानी_परळ:

एक भाबडा प्रश्न. मुंबईत दामोदर नाट्यगृहात वगैरे जे खेळ पाहिले त्यात संवाद इतके बांधेसूद असतात की लिहिलेले नसतात हे पटत नाही. खरंच संहिता नसते? मग स्त्री-पार्ट करणारा तयारी नेमकी कशाची करतो?

---

बाकडं:

नसते. वेष चढत असतानाच मालक किंवा जाणता नट आख्यान सांगतो. प्रवेश किती, कुणामागून कोण, गाठ कुठे पडते, युद्ध कुठे, शेवट कशावर. बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत हे संपतं. संवाद ज्याचे त्याने.

तयारी असते ती ज्ञानाची. स्त्री-पार्टाला प्रत्येक नायिकेचं माहेर, सासर, मिळालेले वर आणि भोगलेले शाप तोंडपाठ हवेत. मंदोदरी म्हटली की मयासुराची मुलगी, आई हेमा अप्सरा, मुलगा मेघनाद. वृंदा म्हटली की कालनेमीची मुलगी आणि जालंधराची पत्नी, आणि तिच्या पातिव्रत्यावर त्याचं मरण अडलेलं. समोरचा राजपार्ट कसलेला असेल तर तो द्रौपदीला सरळ नावाने हाक मारत नाही. याज्ञसेनी म्हणतो, पांचाली म्हणतो, कृष्णा म्हणतो, आणि तुम्ही कोणत्या हाकेला कसं उत्तर देता त्यावर प्रवेश चढतो. यज्ञातून जन्मलेली म्हणून याज्ञसेनी, हे ठाऊक असेल तर तुम्ही अग्नीवरून बोलू शकता. पांचाली म्हटल्यावर माहेरचा अभिमान काढता येतो. नसेल ठाऊक तर "होय नाथ" एवढंच उरतं, आणि "होय नाथ" तीन वेळा झालं की प्रेक्षक चहाच्या टपरीकडे वळतात.

दुसरी तयारी लांबी राखण्याची. जत्रेत पालखी मध्यरात्रीनंतर बसते, मग आडदशावतार म्हणजे पूर्वरंग, मग आख्यान, आणि उजाडताना शेवटचा दहीकाला झालाच पाहिजे. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासुर हा पूर्वरंग हल्ली बऱ्याच ठिकाणी आवरता घेतात, म्हणून आख्यान लांबवावं लागतं. कुठे पालखीला उशीर झाला तर तेच आख्यान तासाभराने कापावं लागतं. मालक पडद्याच्या फटीतून हात हलवतो. लांबवायचं असेल तर प्रश्न विचारा. प्रश्न आला की समोरच्याला बोलावंच लागतं आणि तुम्हाला पुढचं सुचायला वेळ मिळतो. कापायचं असेल तर पदावर या, कारण पदानंतर प्रवेश मोडता येतो. पदावर येताना शेवटचा शब्द दोनदा म्हणा, पेटीवाला तेवढ्यावर सूर धरतो.

आणि रंगमंचावर जे एकमेव नेपथ्य असतं, ते लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तीच शेज. राजा बाकड्याच्या मध्यावर पाय फाकवून बसतो. स्त्री-पार्टाने काठावर, अर्ध्या मांडीवर, दोन्ही गुडघे एकाच बाजूला वळवून बसायचं. टाचा बाकड्याखाली ओढून घ्या म्हणजे उठताना हाताचा आधार लागत नाही. हात टेकून उठला की पुरुष दिसला. चालताना दोन पावलांत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. वळायचं असेल तेव्हा आधी नजर, मग मान, मग खांदा. पुरुष खांद्यापासून वळतो, इथेच सगळं उघडं पडतं. कंठमणी मोठा असेल तर ठुशी किंवा चिंचपेटी नेमकी त्याच्यावर बसेल अशी बांधा, इतकी घट्ट मात्र नाही की गिळताना टोचेल.

भाषा प्रमाण मराठी, भारदस्त. मालवणी ही संकासुराची आणि विनोदी पार्टाची. रागाच्या भरात राणीच्या तोंडून मालवणी निसटली की रात्रभर उभं केलेलं एका शब्दात कोसळतं. हे घडतं ते थकव्याने, साडेतीन-चारच्या सुमाराला. त्या वेळेसाठी दोन-चार वाक्यं घोकून ठेवलेली असावीत, डोकं बंद पडलं तरी जीभ चालते.

---

धयकालो:

आता ज्याबद्दल कुणी सरळ बोलत नाही त्याबद्दल.

"रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा" असं दशावतारी नटाबद्दल म्हणतात. पेटारे डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसऱ्या जत्रेला चालत जायचे त्या दिवसांतली म्हण. त्यात राजा आहे, राणी नाही. राजपार्ट करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गावात मान असतो. स्त्री-पार्ट करणाऱ्याला मागून हाक येते, आणि ती हाक काय असते ते इथे लिहायची गरज नाही. मराठी रंगभूमीने बालगंधर्वांना डोक्यावर घेतलं, त्यांची साडी आणि त्यांचा अंबाडा बघून घरंदाज बायका तसं नेसू लागल्या. १९३५ साली ते पडद्यावर एकनाथ म्हणून पुरुषवेषात आले. तमाशापटांत नाच्या रंगवणाऱ्या गणपत पाटलांच्या वाट्याला मात्र उलट आलं, लोकांनी भूमिकेवरूनच माणसाची पारख केली. कसब दोघांकडे होतं. एकाच्या बाबतीत लोकांनी ते पाहिलं, दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलं नाही.

स्त्री-पार्ट केल्याने कुणी बदलत नाही. आणि एखाद्याला त्या वेषात आपलं खरं रूप सापडलं, तर तेही त्याचं किंवा तिचं स्वतःचं आहे, मंडळाने किंवा गावाने त्यावर निकाल देण्यासारखं त्यात काही नाही. दोन्ही प्रकारची माणसं या कामात आहेत आणि दोघांनाही सुरक्षित काम करता यायला हवं.

त्यासाठी मंडळाने करायच्या गोष्टी साध्या आहेत. रंगपटाला, म्हणजे रंगायच्या-नेसायच्या जागेला, चारही बाजूंनी पडदा हवा. देवळाच्या पडवीत एका बाजूला चादर बांधून भागत नाही, हल्ली त्या फटीतून मोबाईल आत येतो आणि अर्ध्या नेसलेल्या साडीचं चित्रण सकाळपर्यंत गावभर फिरतं. रंगपटात बाहेरच्या माणसाला मोबाईलसकट बंदी, हे जत्रेच्या मानकऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं. आरतीचं तबक घेऊन प्रेक्षकांत फिरायचं असेल तेव्हा स्त्रीवेषातल्या मुलाला एकटं पाठवू नका, मागून एक जाणता माणूस चालू द्या. बक्षिसाची नोट तबकात घ्या किंवा निवेदकाकडे देऊ द्या. चोळीला नोट टाचू देण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. दारू पिऊन कुणी हात धरला तर संवाद थांबवून मालकाने स्वतः मंचावर यावं. नटाने वेषात राहून हसतमुखाने सोडवणूक करून घ्यायची, ही अपेक्षाच चुकीची आहे.

घरच्यांना एकदा पूर्ण रात्र खेळाला बसवा. अर्धवट चित्रफीत बघून जे वाटतं ते पूर्ण आख्यान पाहिल्यावर वाटत नाही.

---

सातेरीचं_अंगण:

सगळं पटलं, पण मग बायकांनीच का करू नये स्त्री-पार्ट? शहरात ही प्रथा केव्हाच मागे पडली.

सिंधुदुर्गात महिलांची दशावतार मंडळं उभी राहिली आहेत, त्यांचे खेळ होतात, गर्दीही होते. तिथे गंमत अशी की अडचण उलटी होते. स्त्री-पार्ट सोपं जातं आणि राजपार्ट अवघड. खांदे रुंद दिसण्यासाठी अंगरख्याच्या आत घडी, दाढी-मिशी चिकटवण्यासाठी स्पिरिट गम. तो डिंक कातडीवरून ओढून काढला की वरच्या ओठावर काळे डाग राहतात. खोबरेल तेलात भिजवलेला कापूस पाच मिनिटं ठेवून मगच सोडवा. आवाज खाली आणण्यासाठी घशात दाबू नका, वर मृदंगाआडून यांनी सांगितलं तेच इथेही. चाल बदला, वाक्याचा शेवट ठाम टेकवा.

पुरुष मंडळांत बाई का नाही याचं कारण कसबात शोधू नये. रात्रभर टेम्पोतून प्रवास, देवळात निजायची सोय नाही, स्वच्छतागृह नाही, काही देवस्थानांत रूढी आड येते. या सोयी झाल्या तर मिश्र मंडळ अशक्य नाही. तोवर स्त्री-पार्ट करणाऱ्या पुरुषाचं कसब जपायला हवं, कारण ते बाईच्या अभिनयाची नक्कल नाही. ती स्वतंत्र कला आहे, यक्षगानातल्या स्त्रीवेषासारखी.

---

बाकडं:

सातेरी, एक भर घालतो. ट्रिकसीनचे, म्हणजे मंचावर चमत्कार दाखवणारे खेळ वाढल्यापासून स्त्री-पार्टाचा वेळच कमी होतोय. धूर, झगमगाट, हवेत उडणारा मारुती, यात विलापाचे प्रवेश कापले जातात. वेगवेगळ्या मंडळांच्या संयुक्त खेळांत तर दोन नामांकित राजपार्ट समोरासमोर आणायचे असतात, राणी दोन पदांपुरती. नव्या मुलाला वृंदेचा शाप सलग वीस मिनिटं पेलायची संधीच मिळाली नाही तर तो शिकणार कुठे? जत्रेच्या मूळ खेळात तरी हे प्रवेश पूर्ण होऊ द्यावेत. कॉलर माईक लावत असाल तर तो पदराच्या उलट्या बाजूला लावा. पदराच्या बाजूला लावला की प्रत्येक हालचालीला जरीची खरखर येते आणि मोहनमाळ त्यावर आपटते.

---

नवखा_मालवण:

आमच्या मंडळात गंगावन (केसांत गुंफायची खोटी वेणी) आहे आणि केसांचा तयार टोपही. माझे केस खांद्यापर्यंत आहेत. काय वापरू? आणि उतरवताना काही क्रम असतो का? मी पहाटे झोपेत सगळं ओरबाडून काढतो.

---

शालू_नऊवारी:

स्वतःचे केस खांद्यापर्यंत असतील तर टोप नको. केस मागे घट्ट बांधून त्यात गंगावन गुंफा आणि अंबाडा घाला, कपाळावरची केसांची रेघ खरी दिसते. टोपाची कड रंगाने कितीही लपवली तरी कपाळावर घाम आला की उचलते. दिवसा केस वाढवून फिरायचं नसेल तर कापा आणि टोप वापरा, पण मग कपाळावर बिंदी आणि भांगपट्टी अशी बांधा की कड तिच्याखाली जाईल. केस ठेवायचे की नाही हा तुमचा निर्णय, मंडळाचा नाही.

---

पेटारा:

क्रम असतो, आणि ओरबाडू नका.

आधी नथ. दाबाची नथ घाईत ओढली की नाकपुडीला चीर पडते आणि दुसऱ्या रात्री तिथे रंग झोंबतो. मग गळ्यातलं, वरून खाली, प्रत्येक दागिना आपापल्या फडक्यात. घामाने ओला दागिना पेटाऱ्यात गेला तर मुलामा काळा पडतो. मग पिना मोजून काढा. जितक्या लावल्या तितक्या हातात आल्या पाहिजेत, राहिलेली पीन पुढच्या रात्री दुसऱ्याच्या पाठीत जाते. त्यानंतर साडी, ती घडी न करता दोरीवर. जरीचा शालू ओला घडी केला की घडीवर विरतो.

चेहरा सगळ्यात शेवटी. दोन चमचे खोबरेल तेल दोन्ही तळव्यांवर घेऊन डोळे मिटून चेहऱ्यावर पसरा, दोन मिनिटं तसंच राहू द्या, सुती फडक्याने वरून खाली पुसा. काजळासाठी तेलाचा कापूस पापणीवर ठेवून थांबा, घासू नका. मग दुसऱ्यांदा तेल, कानामागे आणि केसांच्या कडेला रंग उरतोच. त्यानंतर बेसन किंवा साबण. आधीच साबण लावला तर पॅनकेक छिद्रांत घट्ट बसतो. टेम्पोत बसल्यावर करू म्हणू नका, झोप लागते आणि रंगासकट दुपार होते. पाणी दूर असेल तर तेल आणि फडकं तरी पेटीत वरच, हाताला लागेल असं ठेवा.